टर्बो पेट्रोल गाडीचं ट्युनिंग: आधी पेट्रोल ठरवा, मग मॅप

टर्बो पेट्रोल गाडी घेतली की थोड्याच दिवसांत कुणीतरी मित्र सांगतोच, "रीमॅप मारून घे, गाडी उडेल." गाडी उडते हे खोटं नाही. बोनेटखालचा एकही नट न खोलता, नुसतं ईसीयूमधलं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातलं, सॉफ्टवेअर बदलून १.० लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनातून जास्तीची ताकद काढता येते. पण कंपनीने ती ताकद विसरून मागे ठेवलेली नसते. ती राखीव असते: हलक्या प्रतीच्या पेट्रोलसाठी, नागपूरच्या मे महिन्यासाठी, पाच माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढणाऱ्यासाठी, आणि ऑइल वेळेवर न बदलणाऱ्यासाठीसुद्धा. ट्युनिंग म्हणजे या राखीव साठ्यातून उचल घेणं. उचल किती घेता येईल ते मुख्यतः टाकीत कुठलं पेट्रोल आहे यावर ठरतं.

हा लेख वाचून तुम्ही लॅपटॉप घेऊन स्वतः मॅप (ईसीयूमधली इंधन, ठिणगी आणि हवेच्या दाबाची कोष्टकं) लिहायला बसावं अशी अपेक्षा नाही. गाडीची तयारी कशी करायची, ट्युनरला काय विचारायचं, लॉगमध्ये (गाडीच्या सेन्सरांच्या नोंदीत) काय बघायचं आणि इंधन बदलताना काय सांभाळायचं, एवढं कळलं तरी इंजिन वाचतं. डिझेलचं गणित वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही.

नॉक आधी समजून घ्या

स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. तिच्यापुढे न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात दाबलं जातं, तापतं. ते प्रमाणाबाहेर तापलं तर ज्योत पोचण्याआधीच आपणहून पेटतं, दाबाची लाट पिस्टनवर आणि हेडवर आदळते आणि बाहेर आपल्याला टकटक ऐकू येते. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. टर्बो इंजिनात हवा मुळातच दाबून भरलेली असल्यामुळे दाब आणि तापमान दोन्ही आधीच वर असतात, म्हणून नॉक नेहमी उंबरठ्यावर उभा असतो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आपणहून पेटायला जास्त वेळ विरोध करतं. त्याचं काम तेवढंच. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ऊर्जा नव्हे, आणि स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच, गाडीत १०० ऑक्टेन भरल्याने पिकअप वाढला असं वाटतं त्यात बराचसा भाग बिलाच्या रकमेचा असतो.

"ईसीयू सांभाळून घेतो" हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकायला मिळेल. ते अर्धंच खरं आहे. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर आवाज टिपतो आणि ईसीयू त्या सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, काही अंश मागे घेतो (ठिणगी उशिरा टाकतो). पण नॉक आधी होतो, दुरुस्ती नंतर. शिवाय टायमिंग मागे गेलं की ज्वलन उशिरा संपतं आणि तीच उष्णता एक्झॉस्टमधून टर्बोवर आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाते. दर वेळी जोरात पळवताना पाच अंश टायमिंग मागे घेणारी गाडी वरून ठीक चाललेली दिसते. आत मात्र एक्झॉस्टचं तापमान चढत असतं, ताकद गेलेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो.

दुसरा प्रकार याहून वाईट. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या) छोट्या टर्बो इंजिनांत, कमी आरपीएमला आणि भरपूर लोडवर, ठिणगी पडण्याच्याही आधी मिश्रण पेटू शकतं. याला एलएसपीआय म्हणतात. सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइल आणि पेट्रोलच्या थेंबांशी, कार्बनच्या कणांशी त्याचा संबंध आहे. ठिणगीच्या आधीच काम झालेलं असल्यामुळे टायमिंग मागे घेऊन त्यावर उपाय होत नाही. एका झटक्यात पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटू शकतो. म्हणून दोन गोष्टी आजपासूनच पाळा, ट्युनिंग करा किंवा न करा: वरच्या गिअरमध्ये १५००-२००० आरपीएमला असताना पॅडल तळाला टेकवू नका, एक गिअर खाली या, आणि ऑइल एपीआय एसपी (डब्यावर छापलेली प्रत) किंवा कंपनीने सांगितलेल्या त्याच्या तोडीच्या प्रतीचंच घाला. एसपी प्रतीच्या ऑइलला एलएसपीआयची चाचणी पार करावी लागते.

यातूनच माझं एक ठाम मत बनलं आहे. जाहिरातीत सगळ्यात जास्त मिरवला जातो तो १८०० आरपीएमचा टॉर्क, आणि इंजिन सगळ्यात जास्त तिथेच धोक्यात येतं. चांगला ट्युनर खालचा टॉर्क हळूहळू चढवतो. पहिल्या ड्राइव्हला अशी गाडी थोडी मवाळ वाटते. वाटू द्या.

पंपावर नेमकं काय मिळतं

देशात ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये बाजारात आलं आणि २०२५ पर्यंत साधं पेट्रोल म्हणून बहुतेक ठिकाणी तेच मिळू लागलं. बीएस-६ पेट्रोलचं किमान रॉन, म्हणजे आपल्याकडे ऑक्टेन मोजतात तो आकडा, ९१ होतं. इथेनॉलचं स्वतःचं रॉन १०८ च्या आसपास असल्यामुळे मिश्रणाचं ऑक्टेन वर जातं, आणि ई२० चं रॉन ९५ च्या घरात असल्याचं केंद्र सरकारने २०२५ मध्ये सांगितलं. टर्बो गाडीच्या दृष्टीने ही तक्रारीची बाब नाही. मायलेज थोडं उतरतं, पण नॉकपासूनचं अंतर वाढतं. मात्र गाडी जुनी असेल तर तिचे रबरी पाइप, सील आणि पंप ई२० साठी बनलेले आहेत का ते पाहा. सरकारी आराखड्यानुसार एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ई२० ला टिकणारे असायला हवेत. त्याआधीच्या गाड्यांचं मॅन्युअल उघडून बघा, टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकरही वाचा.

प्रीमियममध्ये एक्सपी९५, स्पीड ९७, पॉवर ९९ आणि डिसेंबर २०२० पासून आलेलं एक्सपी१०० अशी नावं दिसतात. यात एक गफलत नेहमी होते. नावात नुसतं रुबाबदार विशेषण असलं म्हणजे ऑक्टेन जास्त असतंच असं नाही. काही ब्रँडेड पेट्रोल म्हणजे साध्या पेट्रोलमध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारं डिटर्जंट, बस. पंपावर आकडा विचारा. आकडा सांगता येत नसेल तर मॅपच्या दृष्टीने ते साधंच पेट्रोल धरा. आणि महागडं पेट्रोल भरायचंच असेल तर जिथे त्याचा खप आहे अशा पंपावर भरा.

परदेशातून मॅपची फाइल मागवणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. अमेरिकेत पंपावर जो आकडा असतो तो रॉन आणि मॉन (ऑक्टेन मोजण्याची दुसरी, जास्त कडक चाचणी) यांची सरासरी असते. तिथलं ९१ म्हणजे आपल्या हिशेबात साधारण ९५-९६ रॉन, आणि तिथलं ९३ म्हणजे ९८ च्या आसपास. न्यू जर्सीतल्या चुलत भावाने "९१ ची फाइल आहे, आपल्याकडे चालेल" म्हणून पाठवली, तर ९१ रॉनवर ती चालणार नाही. तिथे ई८५ सुद्धा मिळतं. पण नाव ८५ असलं तरी हंगाम आणि प्रदेशानुसार त्यात ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत काहीही इथेनॉल असू शकतं, त्यामुळे तिथले ट्युनरसुद्धा नावावर विश्वास ठेवत नाहीत, मोजतात.

आपल्याकडेही ई१०० अगदीच ऐकिवातलं नाही. जून २०२१ मध्ये पुण्यात तीन ठिकाणी ई१०० चे प्रायोगिक पंप सुरू झाले, आणि मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत ‘इथेनॉल १००’ नावाने विक्री जाहीर झाली. त्यात सुमारे ९३ टक्के इथेनॉल, बाकी थोडं पेट्रोल आणि सहद्रावक असतं. हे इंधन फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी आहे. नेहमीच्या टर्बो गाडीत ते "थोडंसं" मिसळून बघण्याचा मोह अनेकांना होतो. तो का टाळायचा ते पुढे येईलच.

इथेनॉल किती, हे घरी मोजता येतं

१०० मिलीची खुणा असलेली काचेची नळी, म्हणजे मेझरिंग सिलिंडर, विज्ञानाच्या साहित्याच्या दुकानात मिळते. त्यात १० मिली पाणी घाला, वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा, बूच अधूनमधून सैल करून वाफ जाऊ द्या, मग पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. रेघ २८ वर आली तर १८ मिली इथेनॉल ९० मिली पेट्रोलमधून आलं, म्हणजे २० टक्के. एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होईल, पण ट्युनिंगचा निर्णय घ्यायला एवढं पुरतं. हे काम उघड्यावर करा, स्वयंपाकघरात किंवा गॅस गिझरच्या जवळ नको. उरलेलं मिश्रण टाकीत परत ओतू नका, गटारातही नको. गॅरेजवाल्याच्या टाकाऊ ऑइलच्या डब्यात जाऊ द्या.

इथेनॉल वाढलं की आकडे कसे हलतात

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला १४.७ किलो हवा लागते. शुद्ध इथेनॉलला फक्त ९. ई२० चा आकडा साधारण १३.५ येतो, ई८५ चा १० च्या खाली. याचा अर्थ तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं: शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० ला लिटरच्या मापात सात-आठ टक्के, ई८५ ला चाळीस टक्क्यांच्या आसपास. साध्या गाडीचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून सात-आठ टक्के फरक सहज भरून काढतो. चाळीस टक्के त्याच्या आवाक्याबाहेर आहे, आणि स्टॉक इंजेक्टर व हाय-प्रेशर पंपाच्याही बहुतेक वेळा.

म्हणून गेजवर एअर-फ्युएल रेशो (हवा आणि इंधनाचं प्रमाण) न बघता लॅम्डा बघायची सवय लावा. लॅम्डा १ म्हणजे जे काही इंधन आहे ते पूर्ण जळण्यापुरती नेमकी हवा, इंधन कुठलंही असो. वाइडबँड गेज (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा) मोजतो लॅम्डाच, आणि १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. त्यामुळे ई२० भरलेल्या गाडीत गेजवर १४.७ दिसलं तरी खरं प्रमाण १३.५ असतं. हे लक्षात न घेता "गाडी लीन चाललीय" (हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय) म्हणून आणखी पेट्रोल ओतणारे लोक आहेत. पूर्ण लोडवर टर्बो पेट्रोल इंजिन साधारण ०.८० ते ०.९० लॅम्डावर ठेवतात. नेमका आकडा इंजिनावर आणि एक्झॉस्टच्या तापमानावर ठरतो.

इथेनॉलचा दुसरा गुण म्हणजे वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ही वाफ थेट सिलिंडरात होते, त्यामुळे आतली हवा चांगलीच थंड होते. ह्युंदाईचं १.० टर्बो किंवा फोक्सवॅगन-स्कोडाची टीएसआय ही डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं. टाटाच्या १.२ रेव्होट्रॉन टर्बोमध्ये इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, इनटेक पोर्टमध्ये आहेत. महिंद्राच्या १.२ टर्बोच्या दोन्ही आवृत्त्या आहेत, तेव्हा "माझ्या मित्राच्या एक्सयूव्हीची फाइल" मागण्याआधी आपल्या गाडीत कुठली आहे ते बघा.

आता ई१०० मिसळण्याचा मोह टाळण्याचं कारण. पेट्रोलवर टायमिंग वाढवत नेलं की एका टप्प्यावर नॉक होतो आणि तो तुम्हाला थांबवतो. इथेनॉल भरपूर असलं तर नॉक येतच नाही, आणि टॉर्क एका टप्प्यावर वाढायचा थांबतो. सिलिंडरातला दाब मात्र वाढतच असतो. कनेक्टिंग रॉड वाकायला आवाज लागत नाही. पेट्रोलवर नॉक तरी सूचना देतो, इथेनॉलवर ती सूचनाच बंद होते. म्हणून फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) रॉड-पिस्टन नसलेल्या इंजिनात ई८५ च्या नादाला नवख्याने लागू नये. हे मी सावधपणे नाही, स्पष्टच सांगतो.

पहिली पायरी: गाडी धडधाकट आहे का

रीमॅपने आजारी गाडी बरी होत नाही, तिचं दुखणं लवकर बाहेर येतं. आधी ओबीडी स्कॅनरने (गाडीच्या सॉकेटला लावायच्या तपासणी यंत्राने) दोषांचे कोड वाचा. जुने, पुसलेले वाटणारे, "कधीतरी येतो" असेही धरा. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते बघणं) करून घ्या. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, आणि तो दहा टक्क्यांच्या पुढे असेल तर ट्युनिंगचा विषय तिथेच बंद. एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतचे) पाइप, क्लॅम्प यांची स्मोक टेस्ट करा, म्हणजे धूर सोडून गळती शोधा. पाइपला बारीक चीर असेल तर स्टॉक मॅपवर ती खपून जाते, वाढलेल्या बूस्टवर, म्हणजे टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबावर, टर्बोला ती गळती भरून काढायला नको तितकं फिरावं लागतं.

स्पार्क प्लग नवे घाला. ताकद वाढवली की बरेच ट्युनर एक पायरी थंड उष्णता-श्रेणीचे प्लग सुचवतात आणि गॅप थोडी कमी करतात, कारण दाटलेल्या हवेतून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि जुनी कॉइल तिथे दम सोडते. गॅप इरिडियम प्लगच्या नाजूक टोकाला पकडून वाकवू नका, टोक तुटतं.

मग गिअरबॉक्स. हा मुद्दा लोक हमखास सोडून देतात. कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस यांच्या १.५ टीएसआयचं उदाहरण घ्या. इंजिनाचा टॉर्क २५० एनएम. ऑटोमॅटिकमध्ये जो सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येतो, डीक्यू२०० नावाचा, त्याची मर्यादाही २५० एनएम. म्हणजे कारखान्यातून निघतानाच गिअरबॉक्स काठोकाठ आहे. यावर कुणी "३२० एनएम देतो" म्हणाला तर ते जास्तीचे ७० एनएम क्लच पॅक आणि मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटच्या) खात्यातून जाणार. मॅन्युअलमध्ये निदान क्लच घसरल्याचं पायाला कळतं: चढावर वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढतो आणि वेग चढत नाही.

दुसरी पायरी: स्टॉक गाडीचा लॉग

काहीही बदलण्याआधी गाडी आज कशी चालते याची नोंद हवी. नाहीतर उद्या दिसलेला दोष नव्या मॅपचा की आधीचाच, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि ट्युनर-मालक भांडण ठरलेलं. पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल कोड वाचायला ठीक, लॉगसाठी तो फार हळू आहे. त्या कंपनीच्या ईसीयूशी नीट बोलणारं साधन वापरा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं नॉक करेक्शन (नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग) वेगळं दिसतं.

नोंदवायच्या गोष्टी: आरपीएम, पॅडल आणि थ्रॉटल, मागितलेला व मिळालेला बूस्ट, इनटेक हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग, सिलिंडरनिहाय नॉक करेक्शन, लॅम्डा, फ्युएल रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) मागितलेलं व मिळालेलं, शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली कमी-जास्त). टाकीत कुठलं पेट्रोल, कुठल्या पंपाचं, बाहेर तापमान किती, हे वहीत हाताने लिहा. लॉग फाइलमध्ये ते येत नाही आणि महिन्याने आठवत नाही.

हा लॉग डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये रेडलाइनपर्यंत नेलं की बहुतेक टर्बो गाड्या शंभरच्या पुढे जातात, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची मर्यादाच १०० आहे. रस्त्यावर फक्त साधी चाल नोंदवा, तीही शेजारी बसलेल्या माणसाने.

लॉग वाचताना नवख्याने तीन रेघांकडे बघितलं तरी पुरे. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट एकमेकांना धरून आहेत का. रेल प्रेशर वरच्या आरपीएमला खाली बसतं का. नॉक करेक्शन एखाद-दोन अंशांचं, अधूनमधून, वेगवेगळ्या सिलिंडरांत येतं की एकाच सिलिंडरात दर वेळी. पहिलं चालतं. दुसऱ्यासाठी तो प्लग, ती कॉइल, तो इंजेक्टर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिसरी पायरी: ट्युनर आणि पद्धत

ट्युनिंग बॉक्स म्हणजे सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसवायचा डबा. तो ईसीयूला बूस्ट खरा आहे त्यापेक्षा कमी सांगतो, ईसीयू तो वाढवतो. काढून ठेवायला सोपा म्हणून लोकप्रिय. पण ईसीयूला खरी परिस्थिती कळू न देणं हीच ज्याची युक्ती, तो मला वेगवेगळ्या इंधनांसाठी योग्य वाटत नाही. टायमिंगवर त्याचा ताबा नसतो. रीमॅपमध्ये बूस्ट, टायमिंग, लॅम्डा, टॉर्कच्या मर्यादा हे सगळं एकमेकांशी जुळवून बदलता येतं. तयार फाइलपेक्षा तुमच्या गाडीचे लॉग बघून सुधारलेली फाइल केव्हाही बरी.

"किती एचपी देणार?" हा पहिला प्रश्न विचारू नका. हे विचारा: फाइल कुठल्या रॉनसाठी आहे? मला साध्या ई२० ची आणि ९७-९९ ची अशी दोन मॅप मिळतील का, आणि मी ती स्वतः बदलू शकेन का? स्टॉक फाइलची प्रत मला देणार का? गिअरबॉक्ससाठी टॉर्क कुठे रोखला आहे? नॉक सेन्सरची संवेदनशीलता आणि तापमानाच्या सुरक्षा तशाच ठेवल्या आहेत का? शेवटच्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आलं तर चहा प्या आणि परत या.

आणि एक नियम, ज्यासाठी हा लेख लिहिला: मॅप तुम्ही भरू शकाल त्या सगळ्यात हलक्या पेट्रोलसाठी करा. तुम्ही पुण्यात राहता आणि ९९ सहज मिळतं, पण दर सुट्टीला गुहागर किंवा गडचिरोलीला जाता, तर तुमचं रोजचं मॅप ई२० चंच. ९९ चं मॅप ही हौस, दुसऱ्या कप्प्यात ठेवायची.

चौथी पायरी: डायनोवरचा क्रम

टाकी जवळजवळ रिकामी करून ज्या पेट्रोलसाठी मॅप आहे तेच भरा, आणि तीस-चाळीस किलोमीटर चालवून मग डायनोवर या. अर्धी टाकी जुनं आणि अर्धी नवं, हे मिश्रण कशाचंच प्रतिनिधित्व करत नाही. इंजिन पूर्ण गरम, समोर मोठा पंखा, दोन रनमध्ये इंटरकूलर थंड होऊ देण्याइतका वेळ.

चांगला ट्युनर आधी बूस्ट ठरवतो, लॅम्डा सुरक्षित बाजूला ठेवतो आणि टायमिंग मुद्दाम मागे ठेवून सुरुवात करतो. मग एकेक अंश पुढे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. टायमिंग वाढवूनही टॉर्क वाढेनासा झाला की तिथेच थांबायचं, नॉक आला नसला तरी. नॉक आलाच तर जिथे आला तिथून एक-दोन अंश मागे. साध्या ई२० वर बहुधा नॉकची सीमा आधी येते, ९९-१०० वर ती पुढे सरकते. या दोन मॅपमधला खरा फरक टायमिंगचा असतो, बूस्टचा फार नाही. पण कमी ऑक्टेनवर बूस्ट कायम ठेवून टायमिंग फारच मागे खेचणारी फाइल एक्झॉस्ट तापवते. तिथे बूस्टच उतरवलेला बरा.

घाट, उन्हाळा आणि डिसेंबरातलं ट्युनिंग

ट्युनिंगला लोक हिवाळ्यात जातात, कारण डायनोचे आकडे तेव्हा छान येतात. पुण्यातल्या १५ अंशांच्या सकाळी बसवलेलं टायमिंग चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी तसंच चालेल असं धरू नका. इनटेकचं तापमान वाढलं की टायमिंग किती मागे यायचं याचं वेगळं कोष्टक ईसीयूत असतं. ट्युनरने त्याला हात लावला असेल तर का, ते विचारा.

उंचीचं गणित वेगळं. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०० किलोपास्कल. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, तो ८६ च्या आसपास उरतो. इंजिनाला २०० किलोपास्कल हवे असतील तर मुंबईत टर्बोला हवा दुप्पट दाबावी लागते, महाबळेश्वरला २.३ पट. तेवढ्याच बूस्टसाठी टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि हवा जास्त तापवतो. स्टॉक मॅप उंचीवर बूस्ट आपणहून उतरवतं. ती मर्यादा काढून टाकलेली फाइल पसरणी घाटात मस्त ओढते आणि टर्बोचे बेअरिंग खाते.

इंधन बदलायची वेळ आली तर

हलक्या पेट्रोलकडे जाताना आधी मॅप बदला, मग पंपावर जा. चांगल्या पेट्रोलकडे येताना उलट: आधी भरा, टाकीत जुनं नावापुरतं उरेपर्यंत चालवा, मग मॅप बदला. दोन्ही वेळा पहिले काही किलोमीटर पॅडल हलकं ठेवा, ईसीयूला ट्रिम जुळवायला वेळ लागतो.

इथेनॉलचं प्रमाण खरंच बदलणार असेल, जसं परदेशात ई१० आणि ई८५ मध्ये होतं, तर फ्लेक्स-फ्युएल सेन्सर हाच मार्ग. तो इंधनाच्या पाइपात बसतो आणि ५० ते १५० हर्ट्झच्या सिग्नलने शून्य ते शंभर टक्के इथेनॉल सांगतो. ईसीयू त्यावरून इंधन आणि टायमिंग दोन्ही हलवतो. सेन्सरशिवाय चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते: ई८५ च्या मॅपवर साधं पेट्रोल भरलं तर टायमिंग फार पुढे आणि नॉक, साध्या मॅपवर ई८५ भरलं तर इंजिन लीन.

कायदा, वॉरंटी, विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कडकपणे सांगितलं. कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं तर उत्सर्जनाच्या नियमांत कुठेच बसत नाही, पीयूसी मिळाली तरी. वॉरंटीतली गाडी असेल तर हे धरून चाला की सर्व्हिस सेंटरला कळणार. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की टीडी१ असा शिक्का रेकॉर्डवर बसतो आणि स्टॉक फाइल परत घालूनही तो जात नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवता दावा नाकारला गेला तर हात दाखवून अवलक्षण. जोर आजमावायचाच असेल तर शर्यतीच्या परवानगीच्या ट्रॅकवर.

रीमॅपनंतर

पहिल्या आठवड्यात त्याच गोष्टींचा पुन्हा लॉग घ्या आणि स्टॉक लॉगशेजारी ठेवा. ऑइलचा कालावधी कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी करा. जोरात चालवून आल्यावर मिनिटभर आयडल होऊ द्या.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकला, नुसता लागून राहिला नाही तर लुकलुकला, तर मिसफायर होतोय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये जातंय. पाय लगेच उचला. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी मिळतोय, आधी पाइप तपासा. पी०२३४ म्हणजे बूस्ट जास्त, गाडी तशीच पळवू नका. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन. पी००८७ म्हणजे रेलमध्ये दाब पुरत नाही: पंप त्याच्या मर्यादेला टेकलाय, आणि तो कोड पुसून परत पूर्ण थ्रॉटल देणं हा पिस्टन वितळवायचा खात्रीचा मार्ग आहे.

हजारेक किलोमीटर झाले की प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या पोर्सिलिनवर मिरीच्या भुकटीसारखे काळे किंवा चकचकीत ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तर नॉक झालेला आहे, लॉगमध्ये दिसो न दिसो. ॲल्युमिनियम पिस्टनमधूनच आलेलं असतं. त्या दिवशी स्टॉक फाइल परत चढवा, टाकीतल्या पेट्रोलचा नमुना मोजा आणि ठिपक्यांचा फोटो लॉगसह ट्युनरला पाठवा.